पाठीला पाठ

हर्षालीनं कारखान्याच्या चौकटीला दोन्ही हात रोवले आणि अशी किंचाळली, की आत मुकुटांना सोनेरी लावणाऱ्या बायका ब्रश टाकून उठल्या. मी मागून तिच्या कमरेला धरून तिला आत ढकलत होते. सहा-सात वर्षांची काटकुळी पोर, पण अशा वेळी तिच्या अंगात कुठून बळ यायचं देव जाणे. चौकट काही सुटेना. शेवटी तिनं स्वतःचंच मनगट तोंडात धरलं आणि करकचून चावलं. मग मात्र मी हात काढून घेतले.

"राहू दे, ताई," माझा भाऊ नंदू आतून म्हणाला. त्यानं मान वर केली नव्हती. "रोज हाच तमाशा. मी अशोकला फोन करतो. त्यानं सांगितलंय तसं करू."

अशोक म्हणजे हर्षालीचा मामा, महाडला शाळामास्तर. त्यानं घाटावर अशा मुलांची एक निवासी शाळा शोधून ठेवली होती. माणूस वाईट नव्हता, पण उंटावरून शेळ्या हाकायची त्याला भारी सवय. नंदूची बायको, म्हणजे हर्षालीची आई वैशाली, तेव्हा दुसऱ्यांदा पोटुशी होती. डॉक्टरनं तिला पलंगावरून खाली उतरू नको म्हणून बजावलं होतं, म्हणून ती माहेरी महाडला आणि पोर आमच्याकडं. आमच्याकडं म्हणजे नंदू आणि मी. मी लग्न केलं नाही. का, ते या गोष्टीत नको.

आमचा कारखाना गणपतींचा. पेणजवळच्या गावांत दर दोन घरांआड असतो तसाच, आमच्या बाबांनी काढलेला. बाबांच्या मागं मूर्ती नंदू करायचा आणि डोळ्यांची आखणी माझ्याकडं. बाकी रंग कोणीही लावावा, पण डोळे सगळ्या मूर्तींना एकाच हाताचे लागतात. बाबा म्हणायचे, डोळा असा उतरला पाहिजे की माणूस कुठंही उभा राहो, गणपती आपल्याकडंच बघतोय असं त्याला वाटावं. ठाण्या-मुंबईचे व्यापारी त्या डोळ्यांसाठी आमच्याकडं यायचे. आत शिरले की डावीकडं सरकून बघायचे, उजवीकडं सरकून बघायचे आणि हसायचे. मी मान खाली घालून काम करत राहायचे, पण आतून गुदगुल्या व्हायच्या. प्रत्येकाला कशाचा तरी तोरा असतो. मला त्याचा होता.

आषाढ लागला की आमच्या घराला सकाळी कुलूप लागतं ते दिवेलागणीनंतरच उघडतं. मग पोरीला ठेवायचं कुठं? शेजारणीकडं ठेवली, तर तिथून ती निसटली आणि खाडीच्या बांधाखाली गुडघाभर चिखलात उभी सापडली. भरतीचं पाणी चढत होतं. दुसऱ्या दिवशी मी दुपारी घरी आले, तर नंदूनं तिला वैशालीच्या जुन्या ओढणीनं खिडकीच्या गजाला बांधून ठेवलेलं. मनगटं लाल झाली होती. मी गाठ सोडली, तिला पाणी पाजलं, आणि त्या दिवशी मी नंदूशी बोलले नाही, आणि नंदू जेवला नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं. बाप होता तो तिचा. त्याला काय ते हौसेनं करायचं होतं?

तेव्हा दोनच वाटा होत्या. पोर कारखान्यात आमच्या नजरेसमोर बसली पाहिजे, नाहीतर घाटावर गेली पाहिजे.

"नारळी पौर्णिमेपर्यंत थांब," मी नंदूला म्हटलं. "तोवर ती आत बसायला लागली तर न्यायची नाय."

"आणि नाय बसली तर?"

"तर मी तोंड उघडणार नाय."

नवल असं, की हीच पोर थंडीत आणि उन्हाळाभर त्याच कारखान्यात, माझ्याजवळ, सुखानं बसलेली होती.

मला मुलांची फारशी हौस कधीच नव्हती. हर्षाली बोलायची नाही, हाक मारली तर वळायची नाही, बोटांशी खेळत बसायची. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिची हनुवटी धरून तोंड वर करायचा, "इकडं बघ गो, आत्याकडं बघ, काकाकडं बघ." पनवेलच्या डॉक्टरनंही हनुवटीच धरली आणि ती स्वमग्न आहे असं सांगितलं. अशोकनं आम्हाला त्या शब्दाचा अर्थ तासभर समजावला. शब्द कळला, पोर काही कळली नाही. मी तिची हनुवटी कधी धरली नाही, पण त्यात माझा काही चांगुलपणा नव्हता. कच्च्या मूर्तींचे सांधे पॉलिशपेपरनं घासायचे असायचे, माझे दोन्ही हात मातीचे आणि मान खाली.

पौषातल्या एका सकाळी मी आतल्या कोपऱ्यात घासत बसले होते, तेव्हा पाठीला काहीतरी टेकलं. मांजर असेल म्हणून झटकणार होते. ती होती. माझ्याकडं पाठ करून, माझ्या पाठीला पाठ लावून बसली होती. मी हलले नाही. थोड्या वेळानं तिनं गुणगुणायला सुरुवात केली. सूर म्हणावा तर सूर नाही, एकच लांब हुंकार. तो मला कानांनी कमी आणि पाठीतून जास्त ऐकू यायचा.

मग रोजचंच झालं. मी घासायची, ती माझ्या मागं बसून पॉलिशपेपरचा एक तुकडा फरशीवर घासायची. मी तिला काय काय सांगायची! ब्रशांचे केस कसे गळतात, वैशाली आमटी कशी पातळ करते, मला बघायला आलेला तो नागोठण्याचा बाबू दोन बशा पोहे खाऊन कसा पसार झाला. तिनं एकदाही मला मध्ये तोडलं नाही, आणि एवढं सुख मला आमच्या घरात कोणी दिलं नव्हतं. एकदा मला ताप आला आणि मी घरी पडले, तर ती दिवसभर त्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसली आणि जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मी जाऊन बसले, तेव्हा तिनं पाठ इतक्या जोरात टेकली की माझ्या हातातली मूर्ती पडता पडता वाचली. वैशाली तेव्हा म्हणाली होती, "मी आई असून माझ्याकडं येत नाय, तुमच्याकडं कशी येते?"

वटपौर्णिमा झाली आणि कारखान्यात रंग सुरू झाले. रंगाबरोबर स्प्रेचा कॉम्प्रेसर आला, थिनरचा वास आला, कामाच्या बायका आल्या, जादा ट्यूबलाइट लागल्या, आणि मी आखणीला बसले. पहिले काही दिवस हर्षाली माझ्या पाठीशी चुळबुळ करत होती. मग कोपरा सोडून मधल्या मांडणीशी बसू लागली. मग उंबऱ्याबाहेर. मग तर उंबऱ्यापाशी नेलं तरी किंचाळायची.

नंदूकडून मुदत घेतल्यावर मी काही म्हणून करायचं सोडलं नाही. कॉम्प्रेसर एक दिवस बंद ठेवायला लावला. नंदू धुमसत राहिला आणि पोर किंचाळायची ती किंचाळलीच. थिनरचे डबे मागच्या पडवीत टाकले. ट्यूबलाइटी घालवल्या आणि अंधारात डोळे फोडून काम केलं. बायकांना सुट्टी दिली. शेजारणीच्या सांगण्यावरून दृष्ट काढली; मिरच्या तडतडल्या आणि ठसका मला लागला. एकदा तिला उचलून, तोंड माझ्या खांद्यात दाबून, वरून पदर घालून आत नेलं, तर ती अर्ध्या कारखान्यापर्यंत गपगुमान आली. मला वाटलं जिंकलं. मग पदर घसरला आणि तिनं माझा गाल ओरबाडून काढला. मी समजले, माझ्या कुशीमुळं ती तेवढा वेळ गप्प राहिली.

मग मला एकच सुचलं. काम लवकर उरकावं. मूर्ती तयार झाल्या, गिऱ्हाईकांकडं गेल्या, की कारखाना मोकळा होईल, वास जाईल, आणि तिच्यासोबत बसायला मला वेळ मिळेल. म्हणून मी डोळ्यांवर तुटून पडले. उजाडताच बसायची ती पाठ मोडेपर्यंत. मांडणीमागून मांडणी पूर्ण करत गेले आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणं तयार मूर्ती दाराकडं तोंड करून लावत गेले, म्हणजे येणाऱ्या व्यापाऱ्याला पहिल्यांदा डोळे दिसतात. पण व्यापारी न्यायला येणार ते पौर्णिमेनंतर. आणि मी जितकी घाई करावी तितकी पोर लांब लांब जाऊ लागली. शेवटी शेवटी रस्त्याच्या पलीकडूनच कारखान्याकडं बघून कानांवर हात ठेवायची. काम करताना पाठीला वारा लागला तरी मी वळून बघायची.

मुदत संपली. घाटावरच्या शाळेनं सांगितलं होतं, प्रत्येक कपड्यावर मुलाचं नाव हवं. बारीक हात माझा, म्हणून तेही माझ्याच गळ्यात पडलं. तिच्या फ्रॉकांच्या गळ्यांवर मी लाल दोऱ्यानं नाव घातलं, आणि तोंड उघडणार नाय म्हणाले होते म्हणून उघडलं नाही.

नारळी पौर्णिमेला कारखाना बंद होता. अशोक सकाळीच जीप घेऊन आला. मी नारळीभात केला होता. हर्षालीनं त्यातल्या लवंगा काढून ताटाच्या कडेला ओळीनं लावल्या आणि भात खाल्ला. अशोक शाळेबद्दल सांगत होता. तिथं बाग आहे, शिकलेल्या बाया आहेत, आपण शिकवू शकत नाही ते त्या शिकवतील. खोटं काहीच नव्हतं त्यात. नंदू मान हलवत होता. मी ताटं उचलून मोरीत गेले, परत आले, तर पोर जागेवर नाही.

बाहेर पौर्णिमेच्या भरतीचं पाणी चढलेलं. नंदू चप्पल न घालताच बांधाकडं धावला. मी रस्त्याकडं धावले, शेजारच्या विहिरीत वाकून बघितलं, परत आले, आणि माझ्या तोंडून तिच्या नावाशिवाय काही निघेना. ती हाकेला ओ देत नाही, हे ठाऊक असून ओरडत होते.

"कारखाना बघितला का?" अशोकनं विचारलं.

"ती जगात कुठंही जाईल, कारखान्यात नाय जायची," मी म्हटलं. पण म्हणता म्हणताच मला कारखान्याच्या दाराची कडी निघालेली दिसली. कडीवर ओल्या मातीची बोटं उमटली होती.

मी आत गेले. दाराबाहेरच भिजवलेल्या शाडूची कुंडी असते. त्यातली माती घेऊन तिनं गणपतींचे डोळे लिंपले होते. पहिल्या मांडणीच्या खालच्या फळीवरचा पहिला, मग दुसरा, मग तिसरा. ओळीच्या ओळी. आणि ती आमच्या जुन्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसली होती. कोपरापर्यंत माती. गुणगुणत होती.

नंदू मागून आला. पाय चिखलानं भरलेले, रडून तोंड सुजलेलं. पोर जिवंत दिसली म्हणून आधी त्याचा चेहरा उजळला, आणि मग त्यानं मांडणी बघितली.

"देव आंधळे केले गो," तो म्हणाला. त्याचा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. तो तिच्याकडं धावला आणि त्यानं हात उगारला. मी मध्ये पडले, तो तडाखा माझ्या दंडावर बसला. पोर किंचाळून मांडणीखाली घुसली आणि गुडघ्यांत डोकं घालून बसली.

अशोक दारातच उभा होता. "आता तरी पटलं ना सगळ्यांना?" तो हळू म्हणाला. "कुंदाताई, हिची बॅग आणा."

मी बॅग आणायला निघालेही. दुसरं काय करणार? दाराकडं जाताना लिंपलेल्या मूर्ती एकेक करून डोळ्यांखालून जात होत्या. माझ्याच हातचं काम, सवयीनं मी जवळून बघितलं. सोंडेला माती नव्हती. मुकुटाला नव्हती, गुलाबी पोटाला नव्हती. धसमुसळेपणानं केलेलं काम असतं तर कान, हात, उंदीर, काहीच वाचलं नसतं. इथं दोन बोटं माती घेऊन, हलक्या हातानं, फक्त डोळे. मांडण्यांच्या बाजूच्या गल्लीतल्या मूर्तींना तिनं हात लावला नव्हता. वरच्या फळ्यांनाही नाही. मान खाली घालून चाललं तर त्या दिसत नाहीत. लिंपलेली ओळ दारापासून निघाली होती आणि थेट आमच्या कोपऱ्यात जाऊन थांबली होती.

तिनं वाट केली होती. माझ्याजवळ येऊन बसायच्या जागेपर्यंत.

मी तिथंच खाली बसले. हनुवट्या आठवल्या, खांद्यावरून घसरलेला पदर आठवला. कुठंही उभं राहा, गणपती आपल्याकडंच बघतो. बाबा, तुमच्या लेकीनं जीव तोडून सगळा कारखाना डोळ्यांनी भरला होता, आणि प्रत्येक डोळा त्या पोरीकडं लावला होता.

"ताई, उठ," नंदू म्हणाला.

मी उठले आणि समोरचा गणपती दोन्ही हातांनी धरून भिंतीकडं फिरवला. मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्या पलीकडचा. मोठ्या मूर्ती मला हलेनात, तर छातीनं रेटल्या.

"काय करतेस? देवाला भिंतीकडं तोंड? येड लागलं का तुला?"

"डोळे, नंदू," मी म्हटलं. "तिला डोळे सोसत नाय रे. माणसांचे नाय सोसत, आणि इथं तर किती बसवले मी. सोंड बघ. सोंडेला कुठं माती हाय काय बघ."

नंदूनं बघितलं. अशोकनंही पुढं येऊन वाकून बघितलं. मी हात पोचत होता तेवढे देव फिरवले आणि आमच्या कोपऱ्यात जाऊन, पोरीकडं पाठ करून बसले. बाजूला पडलेला पॉलिशपेपर घेतला आणि फरशीच घासायला लागले. मनात म्हणत होते, ये गो, एकदाच ये, मी तुझ्याकडं बघत नाय, कोणीच बघत नाय.

ती आली नाही. पेपर झिजून हातात चिंधी राहिली. बाहेर अशोकच्या जीपच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, आणि मला वाटलं संपलं.

तेवढ्यात वर काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. मी मान वळवली नाही, नुसतं वर बघितलं. नंदू स्टुलावर चढला होता आणि वरच्या फळीवरचे गणपती, माझा हात पोचला नव्हता ते, एकेक करून भिंतीकडं फिरवत होता. प्रत्येक मूर्तीला हात लावण्याआधी कपाळाशी हात नेत होता. पाठमोऱ्या देवांनी सगळा कारखाना भरला. बिनरंगाच्या पांढऱ्या पाठी, कारण पाठी आम्ही रंगवत नाही, कोण बघतो म्हणून. पौषातला कारखाना दिसायचा तसा दिसायला लागला.

शेवटची मूर्ती फिरली, स्टूल बाजूला झालं. मग माझ्या पाठीला पाठ टेकली. ओल्या मातीची, थंडगार. थोड्या वेळानं हुंकार सुरू झाला, आणि माझं रडू त्या पोरीला कळू नये म्हणून मी श्वास धरून ठेवला. आखणीला धरते तसा.

"आपण आज गेलो नाय तर ती जागा दुसऱ्या मुलाला जाईल," अशोक म्हणाला. तो रागावलेला नव्हता.

"जाऊ दे," नंदू म्हणाला.

अशोकनं चहा घेतला, रिकाम्या जीपमधून गेला, आणि जाताना कारखान्याचं दार आवाज न करता लोटून गेला.

लिंपलेले डोळे पुसले तर रंगासकट निघाले. मी ते सगळे पुन्हा काढले, भिंत आणि गणपती यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत अंग चोरून बसून. व्यापारी आले ते दारातच थबकले. देव रुसलेत का काय, म्हणून एकानं थट्टा केली; मी म्हटलं, गिऱ्हाईक बघून तोंड फिरवतात. आजही आमच्या कारखान्यात मूर्ती पाठमोऱ्याच लावतात, आणि हर्षाली, आता माझ्याहून उंच झाली, सांधे घासायला माझ्या मागं बसते. त्या बदल्यात तिनं कधी माझ्या डोळ्यांत बघितलं, असं झालेलं नाही. ते मागायला मी काही व्यापारी नाही.

पण सांगायचं राहिलं ते त्या वर्षीच्या चतुर्थीचं. घरच्या गणपतीचे डोळे मी मुद्दाम वेगळे काढले. पापण्या खाली ओढल्या आणि नजर त्याच्याच हातातल्या मोदकावर नेली. बाबा असते तर ब्रश हिसकावून घेतला असता. महाडहून निरोप आला होता, वैशालीला मुलगा झाला; सोयर चतुर्थीच्या आधीच फिटलं. घरात आम्ही तिघंच. नंदूनं पूजा आटोपली, आरती म्हटली, आणि आम्ही डोळे मिटून हात जोडले.

उघडले तेव्हा हर्षाली चौरंगापाशी पोचली होती. तिनं वाकून, तिरक्या मानेनं, देवाचं तोंड खालून बघितलं. तिच्याकडं कोणी बघत नव्हतं. मग ती वळली, दुर्वा आणि जास्वंदी बाजूला सारून चौरंगाच्या कडेवर बसली, आणि देवाच्या पोटाला पाठ टेकली.

देवाकडं पाठ करून बसू नये, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही सांगतात. नंदू तिला उठवायला निघाला. मी त्याचा हात धरला आणि खाली बसवला, कारण हुंकार सुरू झाला होता. समई शांत जळत होती, प्रसादाचे मोदक निवत होते, आणि ती उठेपर्यंत आम्ही दोघांनी दुसरीकडंच बघत राहायचं ठरवलं.